भाऊसाहेब आणि आत्याचा डबा

आत्याच्या पत्र्याच्या डब्याचा मला त्या वर्षी जेवढा राग आला, तेवढा पुढे नवऱ्याच्या घोरण्याचाही आला नाही. वणीच्या अलीकडच्या एका गावात तिच्या सासरची द्राक्षबाग होती. मण्यांत गोडी उतरायला लागली की बुलबुल, साळुंक्या, पोपट असा सगळा गोतावळा बागेवर उतरायचा. शेजारपाजारच्यांनी चमचमणाऱ्या फिती बांधल्या होत्या, कुणी फटाके उडवायचं. आत्याचा विश्वास मात्र तेलाच्या रिकाम्या डब्यावर आणि बाभळीच्या दांडक्यावर. उजाडलं की ती बांधावर उभी राहून डबा बडवायची आणि मधूनमधून ‘हाऽऽ हुर्रर्र’ अशी आरोळी ठोकायची. बागेच्या वर चढ होता, चढावर माळ, आणि त्या माळावर मी आवाज टिपणारी यंत्रं झाडांना बांधून ठेवलेली. मला हवी होती पाखरं आणि यंत्रात यायची आत्या. संध्याकाळी लॅपटॉप उघडून हेडफोन लावावा, तित्तराने घसा खाकरून हाक द्यायला सुरुवात करावी, आणि नेमकी ती रंगात आली की ढ्यांग. आता माझ्या डाव्या कानात ऐकायचं यंत्र आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे, पण मला त्यात आत्याचाही थोडा हातभार वाटतो.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण तेव्हा आमच्या घरात ते कुणालाच धड कळलं नव्हतं. तित्तर गवतात दडून राहतो. माणसाची चाहूल लागली की तो उडण्याऐवजी पळत सुटतो आणि दिसेनासा होतो. डोळ्यांनी त्याची मोजणी करायला गेलं तर हाती भोपळा. तो ओरडतो मात्र मैलभर ऐकू जाईल असा. पण नुसते आवाज मोजावेत तर एकच नर सकाळभर कोकलतो आणि आपण समजतो माळ तित्तरांनी भरलाय. म्हणून एकेका नराचा आवाज वेगळा ओळखायचा, असा माझा विषय होता. फोनवर कुणी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी आपल्याला कळतं ना कोण ते, तसंच. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र उमटायचं, त्यात दोन सुरांमधलं अंतर, सुरुवातीची घरघर, शेवटची ओढ, सगळं दिसायचं. आमच्या मॅडमचा यावर विश्वास नव्हता. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते, आणि त्यांनी मला तेवढा एक हंगाम दिला होता. त्यात तोच नर पुन्हापुन्हा ओळखून दाखवायचा, नाहीतर विषय बंद. विषय बंद झाला तर बाबांच्या ओळखीने एका बियाणांच्या कंपनीत रुजू व्हायचं, असं घरी ठरून गेलं होतं.

घर म्हणजे शहरात गंगापूर रोडवरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाबा विम्याच्या कचेरीत होते. सकाळी घंटागाडीचं गाणं, आईचा मिक्सर आणि बाबांचं फोनवरचं ‘बोला साहेब’ या तिघांत कोण वरचढ अशी चढाओढ असायची. एकदा मी मोठ्या हौसेने बाबांच्या कानाला हेडफोन लावून दोन नर ऐकवले आणि फरक विचारला. त्यांनी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "एक शाकाहारी वाटतो." आई हसली. मग बाबा गंभीर होऊन म्हणाले, "पोरगी एम.एस्सी. करून तित्तर मोजते, हे मी चारचौघांत कसं सांगू ते तरी शिकव." मला इतका संताप आला की मी जेवले नाही. त्या वयात जेवण सोडणं हे माझं एकमेव हत्यार होतं आणि ते कुणालाच लागत नसे.

म्हणूनच आत्याकडे मुक्काम हलवला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आणि तिथे मामा होते. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणायचो. चांगले धिप्पाड, पांढरी टोपी, खळखळून हसणारे, बागायतदार म्हणून गावात वजन असलेले. जगात माझं काम मन लावून ऐकणारा हा एकच माणूस मला भेटला. रात्रीच्या जेवणाला आत्या नागलीची भाकरी तव्यावरून थेट ताटात टाकायची, सोबत ठेचा, उडदाचं घुटं, कांदा बुक्कीने फोडलेला. मामा पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचे, "हां, मग आज कुठं बोलला तुमचा गडी?" आणि मी सुटायचे. पळसाखाली तीन नंबर बोलला, नाल्याच्या काठाला पाच नंबर, जुन्या खाणीत सात नंबर, आणि सात नंबर म्हणजे काय आवाज सांगू मामा, देवळातल्या पुजाऱ्यासारखा भरदार. मामा भाकरी हातात धरून ऐकायचे. "किती वाजता बोलतो? एकदाच का रोज?" इतके नेमके प्रश्न मॅडमनीही कधी विचारले नव्हते. आत्या मात्र चुलीकडे तोंड करून म्हणायची, "जेवू द्या तिला." मला वाटायचं तिला कंटाळा येतो.

त्या सगळ्या नरांत एकाला मी नंबर न देता नाव दिलं होतं. भाऊसाहेब. त्याच्या हाकेत रुबाब होता आणि मध्येच, तिसऱ्या सुरानंतर, उचकी लागल्यासारखा एक खंड पडायचा. शंभरांत ओळखावा असा आवाज. पहिल्यांदा तो पळसाजवळ ऐकला तेव्हा मी हरखले, कारण असा नर पुन्हा ओळखायला सोपा. आणि तो पुन्हा आलाही, पण नाल्याच्या काठाच्या यंत्रात. पुढच्या खेपेला माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, टाकीजवळ. तित्तराचा नर आपला तुकडा सोडत नाही. तो तिथेच जन्म काढतो आणि दुसरा कुणी आला तर भांडायला धावतो. मग हा एकटाच जहागिरीवर फिरल्यासारखा सगळीकडे कसा? मी चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली, पुन्हा ऐकली, डोळे चुरचुरेपर्यंत पाहिली. उचकी तीच. खंड तोच. या पाखराने माझा सगळा विषय पाण्यात घातला होता.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे बघ, पाखरू चुकत नाही, आपण चुकतो. ते तीन-चार वेगळे नर आहेत आणि तुला एकसारखे वाटतायत. म्हणजेच आवाजावरून ओळखता येत नाही. मी हेच म्हणत होते." मी म्हटलं, "मॅडम, तो एकच आहे, मी शपथेवर सांगते." त्या म्हणाल्या, "शपथ कोर्टात घेतात." वर सुचवलं की प्रत्येक जागेचा वेगळा नर धरून आकडा लिहून टाक, मोजणी तरी भरेल. म्हणजे माझं ऐकणं खोटं ठरवून तित्तर मात्र वाढवायचे. मी फोन ठेवला आणि बांधावर जाऊन बसले. समोर आत्या डबा बडवत होती. तिला म्हटलं, "आत्या, जरा थांबतेस का?" ती म्हणाली, "तुझा तित्तर थांबंल, ही पाखरं नाय थांबायची," आणि पुन्हा ढ्यांग.

त्यात दुसरी भानगड सुरू झाली. नर गप्प व्हायला लागले. आधी तीन नंबर, मग पाच, मग टाकीजवळचा आठ नंबर. काल-परवापर्यंत रोज सकाळी ओरडणारा नर अचानक यंत्रातून नाहीसा व्हायचा. मी कारणं शोधत बसले. ऊन वाढलं असेल, जोडी जमली असेल, गुरं चरायला वर चढली असतील. यंत्र बिघडलं असेल म्हणून बॅटऱ्या बदलल्या. रेकॉर्डिंगमधला नको तो आवाज पुसून टाकायची सोय होती, ती मी मन लावून वापरत होते. वारा पुसायचा, आत्या पुसायची, आणि पहाटेच्या मोटारसायकली पुसायच्या. मोटारसायकली खूप असायच्या, कारण शेतीची वीज आली की विहिरीवरची मोटार चालू करायला अख्खं गाव पहाटे गाडी काढतं. मामाही निघायचे, हँडलला एक काळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लटकवून. मला वाटायचं न्याहारी.

रविवारी मामा स्वतः रांधायचे. मळ्यातल्या चुलीवर, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लालभडक तवंग. पातेलं घरी आलं की वास गल्लीभर जायचा. "गावठी तलंगा हायेत, कोवळ्या कोंबड्या," असं म्हणून ते माझ्या ताटात वाढायचे. मांस पांढरं, गोडसर, हाडं इतकी बारीक की दातात अडकायची. मी दोनदा मागून घ्यायचे आणि मामा कौतुकाने म्हणायचे, "शहरातली असून खाती बघा कशी." आत्या त्या दिवशी कधी चतुर्थी, कधी पित्त, असं काहीतरी सांगून पिठलं खायची. आजही कुणाकडे काळ्या मसाल्याचा वास आला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठते. लोकांना वाटतं मी शाकाहारी आहे म्हणून. त्यांना कुठे सगळं सांगत बसणार?

एका सकाळी कामाला येणारा माणूस आला नाही म्हणून आत्याने मामांचा जेवणाचा डबा माझ्या हाती दिला आणि मला मळ्यात पाठवलं. विहिरीजवळ मोटारीची खोली होती. मामा पलीकडे पाणी वळवत होते, मी डबा ठेवायला आत वाकले. कोपऱ्यात काळ्या फडक्याने झाकलेलं काहीतरी होतं. माझ्या पायाने दार ढकललं गेलं, आत उजेडाची तिरीप आली, आणि फडक्याच्या आतून आवाज आला. पहिला सूर, दुसरा, तिसरा, मग उचकी. फडकं उचलायची गरजच नव्हती, पण मी उचललं. वेताच्या लहान पिंजऱ्यात तांबूस गळ्याचा, अंगावर बारीक पट्ट्या असलेला एक जाडजूड तित्तर ऐटीत उभा होता. शेजारी नायलॉनच्या बारीक फाशांचं भेंडोळं, आणि चुलीच्या बाजूला तसल्याच पट्ट्यांची पिसं ओली होऊन जमिनीला चिकटलेली.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. तिन्ही ठिकाणचा आवाज एकाच पाखराचा होता. मी बरोबर होते, मॅडम चुकल्या होत्या, माझ्या कानाने एकदाही दगा दिला नव्हता. मी तिथे उकिडवी बसून मोठ्याने हसले. मग पिसांकडे पुन्हा नजर गेली आणि तीन नंबर, पाच नंबर कुठे गेले ते मला कळलं, आणि शेवटी ते कुणाच्या ताटात गेले तेही.

मामा हात पुसत दारात आले. चेहऱ्यावर थोडा संकोच, पण फार नाही. "सापडला का भाऊसाहेब तुला," ते म्हणाले. नावही मी ठेवलेलंच वापरलं. "कोंबडीखाली अंडं उबवून वाढविलाय. ह्यानं हाक मारली की रानातला नर भांडाया येतो, आन् फाशात पाय घालतो. आमच्या आज्यापासून चालत आलंय."

"मामा, हा गुन्हा आहे. आणि तुम्ही मला रोज विचारत होता."

"मग तू सांगत व्हतीस की." त्यांनी हे डिवचायला म्हटलं नव्हतं, सरळच म्हटलं होतं. "पहिलं लय हिंडावं लागायचं. औंदा तू नेमकं सांगायची, कोण कुठं, किती वाजता. आन् तूच म्हणलीस ना, माळावर पुष्कळ हायेत म्हणून?"

"पुष्कळ होते."

"व्हतील पुन्हा. पाखराची जात हाय." ते माझ्याजवळ बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुला राग आला व्हय? आगं, शौक हाय एक म्हाताऱ्याचा. लेकाला द्राक्षाबिगर काय दिसत नाय, माझ्या शौकाचं कवतिक तूच करायची." इतकं मन लावून ऐकणारा एकमेव माणूस मला मिळाला होता, आणि तो ऐकत होता यासाठी. मी डबा तिथेच ठेवून बाहेर पडले.

आत्याला विचारलं, "तुला माहीत होतं?" तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी खाल्लं का कधी?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मग मला का वाढू दिलंस, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "जेवू द्या तिला, जेवू द्या तिला, असं रोज म्हणत व्हते ना. तू गप बसलीस का कधी?" मला तिचाही भयंकर राग आला. वनखात्याला फोन करावा तर गाडी तिच्याच दारात येणार, आणि गावभर होणार. मी फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या आणि शेवटी मॅडमना लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू ओळखलास तो खरंच." मी म्हटलं, हो. याहून मोठा पुरावा कोणता? एकच पाखरू, कुणीतरी जागोजागी नेऊन ठेवलेलं, आणि मी दर वेळी ओळखलेलं. ठरवून परीक्षा घेतली असती तरी इतकी चोख झाली नसती. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण लिहिणार कसं? पहिला प्रश्न येईल, पिंजरा कुणाचा? भाऊसाहेब काढून टाक." आणि भाऊसाहेब काढून टाकला तर माझ्याकडे उरत होते गप्प झालेले नर. ज्याच्यामुळे माझं म्हणणं सिद्ध होत होतं तोच मला लिहिता येत नव्हता. मी त्या दिवशी बॅग भरली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

पण सात नंबर राहिला होता. जुन्या खाणीतला, भरदार आवाजाचा. आदल्या दिवशीच तो यंत्रात होता, आणि तो कुठे बोलतो हे मी मामांना सांगून बसले होते. मामांनी आता नाही जाणार असं कबूल केलं होतं, आत्यासमोर, गळ्याला हात लावून. दुसऱ्या दिवशी मी सकाळी खाणीच्या काठावर जाऊन बसले तेव्हा खालून कुठूनतरी हाक आली. तीन सूर आणि उचकी. सात नंबरने लगेच उत्तर दिलं. पुन्हा भाऊसाहेब. पुन्हा सात नंबर, या वेळी जरा खालून, म्हणजे तो निघाला होता. गवत हलत होतं. त्याला आपल्या माळावर आलेल्या उपऱ्याला हुसकायचं होतं, आणि समोर फासे मांडलेले. माझ्या पिशवीत पोळीचा स्टीलचा डबा होता. मी तो रिकामा केला आणि दगडाने बडवायला लागले. तोंडातून आरोळी कधी निघाली कळलंच नाही. ज्याचा आवाज टिपायला मी घरदार सोडून आले होते, त्यालाच मी घसा फुटेस्तोवर ओरडून गप्प करत होते. सात नंबर फडफडत खाणीच्या पलीकडे गेला. थोड्या वेळाने खालून मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

रात्री ताटं वाढली. मामांनी पहिला घास हातात घेतला आणि सवयीने विचारलं, "मग, आज कुठं बोलला?" विचारून झाल्यावर त्यांना भान आलं असावं, कारण घास तसाच राहिला.

"कुठंच नाही," मी म्हटलं. "मी बोलू दिला नाही."

"म्हंजे खाणीत डबा तूच बडवीत व्हतीस."

"हो. उद्याही बडवणार आहे. रोज."

"आन् तुझी मोजणी?"

"ती झाली," मी म्हटलं. मामा खाली मान घालून जेवले. आत्याने मला न विचारता आणखी एक भाकरी टाकली, आणि मी ती खाल्ली.

सकाळी निघताना दारात तेलाचा मोठा डबा ठेवलेला होता, वर बाभळीचं दांडकं. आत्या अंगण झाडत होती. मी म्हटलं, "आणि बाग?" तिने झाडणं थांबवलं नाही. "बागंला फटाके हायेत. तुझ्या त्या चपटुल्या डब्याचा आवाज जात नाय. हा घे, हा खाणीच्या तळापस्तोर जातो."

द्राक्षं उतरेपर्यंत मी रोज सकाळी माळावर डबा बडवला. पुढे बियाणांच्या कंपनीतही गेले, बाबांनी पेढे वाटले. ती गोष्ट वेगळी. पण यंत्रं परत करायच्या आधी मॅडमनी शेवटची रेकॉर्डिंगं ऐकायला घेतली, तेव्हा मी समोर बसले होते. त्यांच्या कानात ढ्यांग, ढ्यांग, आणि मध्ये माझी आरोळी, थेट आत्यासारखी. त्यांनी वैतागून हेडफोन काढला.

"अगं, या अख्ख्या फाइलवर तू ‘सात नंबर’ लिहिलंयस. यात तो कुठे आहे?"

"गप्प आहे, मॅडम," मी म्हटलं. "म्हणून तर आहे."